दुसऱ्याचे दप्तर

दिवाळी अंकात एका अर्थशास्त्रज्ञाच्या समग्र ग्रंथांवर लेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी पावकीचे पाढे वाढण्यासारखे आहे, हे मला समजते. संपादकांनाही मी तसे म्हणालो. ते हसून म्हणाले, "तुम्ही कादंबऱ्या लिहिता. यातही एखादी गोष्ट असेलच." गोष्ट आहे. तिच्यात एक पत्र्याची पेटी आहे, एक तुरुंग आहे, दोन मित्रांमधली रुसवाफुगवी आहे आणि नेमणुकीनंतर एकवीस वर्षांनी बाहेर पडलेले पुस्तक आहे. पण ही गोष्ट मला ज्या कारणाने वाचावी लागली ते आधी सांगितले पाहिजे, कारण ते कारण आमच्या घरात, धान्याच्या कणगीशेजारी, दोन पोत्यांच्या रूपाने अजून उभे आहे.

आमच्या शाळेत पूर्वी एक मास्तर होते. शिकवीत गणित, पण त्यांचा खरा नाद बाजाराचा. तीस वर्षे दर आठवड्याच्या बाजारात जाऊन ज्वारी, शेंगा, गूळ, कडबा यांचे भाव ते वहीत टिपून आणीत, आणि त्या भावांच्या आधारे तालुक्याच्या साप्ताहिकात लेख लिहीत. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, तरी तालुक्यापुरते ते अर्थशास्त्रज्ञच होते. मास्तर वारले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांचे लेखन एकत्र छापायचे ठरले. ज्या गृहस्थांनी ते काम अंगावर घेतले होते त्यांची बदली झाली आणि वह्या-कात्रणांची पोती माझ्या दारात येऊन पडली. "तुम्ही लेखक. तुम्हाला काय, दोन महिन्यांचे काम!" असे सर्वांनी मला सांगितले. या गोष्टीला तीन वर्षे झाली. महोत्सव होऊन गेला, मांडवाचे बिलही चुकते झाले, पुस्तक मात्र नाही. त्यात मास्तरांच्या चिरंजीवांनी मला एक विनंती केली आहे. तिच्याकडे मागाहून येतो.

असले काम जाणत्या माणसांनी कसे केले ते तरी पाहावे, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्यास गेलो. तेथल्या एका मोठ्या ग्रंथालयात ओळखीच्या प्राध्यापकांनी माझ्यापुढे अकरा खंड आणून ठेवले. 'डेव्हिड रिकार्डो यांचे ग्रंथ व पत्रव्यवहार'. संपादक पिएरो स्राफा, सहकार्य मॉरिस डॉब. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने चालणारे. तेव्हा अकराही खंड मी वाचले असे म्हणण्याचा आगाऊपणा करीत नाही. पहिला खंड हळूहळू वाचला, दुसरा चाळला, आणि सहा ते नऊ हे पत्रांचे चार खंड मात्र अगदी कादंबरीसारखे वाचून काढले.

रिकार्डोची ओळख थोडक्यात सांगतो. जन्म १७७२, लंडन. घराणे ज्यू, वडील शेअरबाजारातले दलाल. चौदाव्या वर्षी पोरगा बापाच्या धंद्यात लागला. शाळा तिथेच संपली. एकविसाव्या वर्षी त्याने क्वेकर पंथाच्या मुलीशी लग्न केले आणि घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. मग स्वतःच्या हिमतीवर त्याने एवढा पैसा केला की चाळिशी उलटते न उलटते तोच धंद्यातून अंग काढून घेऊन खेड्यातल्या मोठ्या वाड्यात राहायला जाणे त्याला परवडले. १७९९ साली बाथ या गावी असताना ॲडम स्मिथचा ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि त्याला या विषयाचे वेड लागले. त्याचा स्वतःचा मुख्य ग्रंथ, 'राजकीय अर्थशास्त्राची व करआकारणीची तत्त्वे', १८१७ सालचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्याकडे खडकीची लढाई झाली, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे काळाचा अंदाज येतो. १८१९ मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि १८२३ च्या सप्टेंबरात कानाच्या दुखण्याने, अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, वारला. लिहिणे त्याला कधीच सोपे गेले नाही. जेम्स मिल हा त्याचा मित्र त्याच्या मागे लागून, दटावून, गोंजारून, वेळ पडल्यास मास्तरासारखा अभ्यास नेमून देऊन त्याच्याकडून पुस्तक लिहवून घेई. ही पत्रे वाचताना मला मिलचा हेवा वाटला. असा विद्यार्थी आणि असा मास्तर एकमेकांस क्वचितच भेटतात.

या माणसाचे दप्तर अनेक हातांतून गेले. पहिला हात त्याचा भक्त मॅकलक याचा. त्याने १८४६ साली एका खंडात रिकार्डोचे ग्रंथ काढले, पण पत्रव्यवहार आणि पार्लमेंटातली भाषणे त्यात नव्हती. पुढे बोनार आणि अमेरिकेतले हॉलंडर यांनी रिकार्डोने माल्थसला, मॅकलकला, ट्रॉवरला लिहिलेली पत्रे वेगवेगळी छापली. ती बहुतेक एकाच बाजूची. शेजारच्या घरातला माणूस फोनवर बोलत असावा आणि पलीकडचा काय म्हणतो ते आपल्याला ऐकू येऊ नये, तसा तो प्रकार होता. मग इंग्लंडातल्या रॉयल इकॉनॉमिक सोसायटीने संपूर्ण आवृत्ती काढण्याचे ठरविले आणि ते काम प्रथम थिओडोर ग्रेगरी यांच्याकडे सोपविले. ग्रेगरी व हॉलंडर या दोघांनी १९२८ साली रिकार्डोची माल्थसवरील टिपणे प्रसिद्धही केली होती. तथापि इतर व्यापांमुळे ग्रेगरींच्या हातून समग्र आवृत्ती होईना. हेच ग्रेगरी पुढे १९३८ पासून १९४६ पर्यंत हिंदुस्थान सरकारचे आर्थिक सल्लागार होते. ग्रंथ हातावेगळा करणाऱ्यांप्रमाणे तो वेळेवर खाली ठेवणाऱ्यांचेही आपण आभार मानावेत, असे मला वाटते. माझ्या आधीचे बदली झालेले गृहस्थ कागद व्यवस्थित बांधून, कोणत्या पोत्यात काय आहे याची यादी करून गेले, म्हणून तर मला काही सुचले.

१९३० साली हे काम पिएरो स्राफाकडे आले. वय बत्तीस. इटलीतल्या तुरीनचा मुलगा. मुसोलिनीने तुरुंगात टाकलेला ग्रामची हा त्याचा मित्र. ग्रामचीला कोठडीत पुस्तके मिळावीत म्हणून स्राफाने मिलानच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याच्या नावे खाते उघडून दिले होते. केन्सने त्याला १९२७ साली केंब्रिजला बोलावून घेतले. व्याख्याने देण्याची त्याला एवढी धास्ती की ते काम त्याने लवकरच सोडले. त्याला ग्रंथालय सांभाळायला दिले आणि संशोधनावर देखरेख करायला ठेवले. जुनी पुस्तके हुडकण्याचा भारी षोक. असा माणूस रिकार्डोच्या कागदपत्रांत सोडला म्हणजे तो लवकर बाहेर येईल अशी अपेक्षा करणेच चूक. पण केन्सने ती केली. १९३३ साली आपल्या एका पुस्तकात त्याने या आवृत्तीची मोठ्या कौतुकाने वर्दी दिली आणि ती त्याच वर्षात प्रसिद्ध होणार असल्याचे छापून टाकले. पहिला खंड निघाला १९५१ साली. केन्स १९४६ मध्येच गेला होता.

मधल्या काळात काय झाले? काम हाती येतायेताच रिकार्डोच्या वंशजांकडून त्याला आलेल्या पत्रांचा मोठा साठा मिळाला. म्हणजे फोनची पलीकडची बाजू ऐकू येऊ लागली. ती पत्रे जुळवायची, तारखा लावायच्या, कोण कोणाविषयी बोलतो ते शोधायचे. मग युद्ध आले. १९४० साली इटली शत्रुपक्षात गेल्यावर हा इटालियन गृहस्थ शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्याला धरून मॅन बेटावर ठेवण्यात आले. केन्सने खटपट करून त्याला सोडवून आणले. परत येऊन तो पुन्हा रिकार्डोपाशी बसला. आणि १९४३ च्या जुलैमध्ये, पत्रांच्या खंडांसह बराच मजकूर छापखान्यात जुळून तयार असताना, आयर्लंडमधून बातमी आली. डब्लिनजवळ राहेनी येथे, केर्न्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाच्या मुलाच्या घरात, एक पत्र्याची पेटी सापडली होती. हा केर्न्स म्हणजे जेम्स मिलच्या मुलाचा, जॉन स्टुअर्ट मिलचा, मित्र. पेटीत रिकार्डोने जेम्स मिलला लिहिलेली पत्रे होती. ज्या मित्राने त्याच्याकडून ग्रंथ लिहवून घेतला त्यालाच लिहिलेली ही पत्रे! आणि त्यांबरोबर रिकार्डोने आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत लिहायला घेतलेला, पुरा न झालेला, मूल्यासंबंधीचा निबंध.

स्राफाने जुळलेली पाने मोडली.

या ठिकाणी बहुतेक स्तुतिकार म्हणतात, पाहा, उशीर केला म्हणून तर पेटी सापडली! मला हे पटत नाही. पेटी सापडणे हे नशीब. ती सापडली नसती तर त्याच उशिराला आपण आळस म्हटले असते, आणि वीस वर्षे अपुऱ्या साधनांवर काम करणाऱ्या अभ्यासकांची तक्रार रास्त ठरली असती. शिवाय स्राफाच्या उशिराला युद्ध आणि पेटी हीच कारणे नव्हती. कागद हातचा सोडवत नसे, हेही एक कारण होते. खंडांच्या प्रस्तावना लिहिणे त्याला अतिशय जड जाई. अखेर १९४८ पासून मॉरिस डॉब हा त्याचा मित्र मदतीस बसला. दोघांनी बोलावे आणि डॉबने ते कागदावर आणावे, अशा रीतीने प्रस्तावना उभ्या राहिल्या. म्हणजे ज्या रिकार्डोला लिहिते करण्यासाठी मिल लागला, त्याच्या संपादकालाही एक मिल लागलाच. उशिराचे कौतुक नको. कौतुक करायचे ते एवढ्याचे, की पेटी आली तेव्हा दहा-तेरा वर्षांचा थकवा, मुद्रकाचा खर्च, केन्सची घाई आणि स्वतःची लाज यांतले काहीही आड न येऊ देता त्याने तयार पाने मोडून नवी पत्रे आपापल्या तारखेच्या जागी बसविली. पुरवणी म्हणून शेवटी जोडून टाकणे सोपे होते. मी असतो तर पुरवणीच काढली असती.

आता ग्रंथाकडे वळतो. पत्रांच्या खंडांची खुबी ही, की ती लिहिणाऱ्यांप्रमाणे वेगळी न करता सर्वांची मिळून तारीखवार लावली आहेत. त्यामुळे सोमवारी माल्थसने घेतलेला आक्षेप, गुरुवारी त्याला गेलेले उत्तर आणि मधल्या दिवशी मिलकडे काढलेली कुरकूर, हे सारे क्रमाने समोर येते. माल्थस आणि रिकार्डो यांचे जवळजवळ कोणत्याच गोष्टीवर एकमत नव्हते, आणि तरी दोघे बारा वर्षे एकमेकांचे घनिष्ठ मित्र राहिले. एकमेकांकडे मुक्कामाला जायचे, जेवायचे, भांडायचे, आणि घरी पोहोचल्यावर पुन्हा चार पानी पत्र लिहून भांडण पुढे चालू ठेवायचे. स्राफाची टिपणे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतात. त्यांत मत नसते. हा अमुक गृहस्थ कोण, हे वर्तमानपत्र कोणत्या दिवसाचे, हे पत्र आधी कोठे चुकीच्या तारखेने छापले गेले, एवढेच. घरात वावरणाऱ्या पण दिवाणखान्यात न येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासारखी ती टिपणे वाटतात.

सगळ्यात मला अडवून धरले ते यंत्रांच्या प्रकरणाने. रिकार्डोचे आधीचे मत असे, की यंत्रे आली म्हणजे जमीनदार, कारखानदार, मजूर सर्वांचेच भले. मॅकलकने ते मत उचलून जाहीरपणे मांडले. आणि १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत रिकार्डोने एक नवे प्रकरण घालून लिहिले, की मी चुकलो होतो. माणसाच्या जागी यंत्र आले तर मजुराचे नुकसान होऊ शकते, मजुराला वाटणारी भीती निव्वळ अडाणीपणाची नाही. मॅकलक खवळला. त्याचे पत्र या आवृत्तीत आहे. तुमचे म्हणणे खरे धरले तर यंत्रे फोडणाऱ्यांविरुद्ध आम्ही केलेले कायदे लाजिरवाणे ठरतात, अशा आशयाचे ते आहे. रिकार्डोने शांतपणे उत्तर दिले आणि प्रकरण तसेच ठेवले. मला विशेष वाटले ते पुढचे. पंचवीस वर्षांनी, रिकार्डो जिवंत नसताना, याच मॅकलकने त्याचे ग्रंथ छापले. तेव्हा ते प्रकरण गाळायला त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याने ते छापले.

मूल्याच्या प्रकरणात स्राफाचे काम अधिक बारीक आहे. 'तत्त्वे' या ग्रंथाच्या रिकार्डोच्या हयातीत तीन आवृत्त्या निघाल्या: १८१७, १८१९ आणि १८२१. हॉलंडर यांनी असे मत रूढ केले होते, की दर आवृत्तीगणिक रिकार्डो आपल्या सिद्धांतापासून, म्हणजे वस्तूची किंमत तिच्यात खर्ची पडलेल्या श्रमावरून ठरते या म्हणण्यापासून, मागे मागे सरकत गेला. स्राफाने तिन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, बदललेले प्रत्येक वाक्य नोंदले, आणि त्या त्या महिन्यांतल्या पत्रांशी ताडून दाखविले, की मांडणी बदलली, क्रम बदलला, पण माणूस मागे सरकलेला नाही. पेटीतला तो अपुरा निबंध याचीच साक्ष देतो. मरणाच्या दारातही तो त्याच प्रश्नाशी झटत होता. यातले अर्थशास्त्र मला अर्धेच कळले असेल. परंतु कादंबरीच्या हस्तलिखितात मी स्वतः किती काटाकाट करतो आणि ती पाहून कोणी माझ्या मनाचा काय अर्थ लावील, हे मला चांगले कळते.

इतके असूनही स्राफा कोठेच दिसत नाही, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत तो दिसतो. एक साधे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने बी म्हणून आणि सालदारांच्या पोटासाठी मिळून शंभर मण ज्वारी खर्ची घातली. पीक आले एकशे वीस मण. नफा शेकडा वीस. हे सांगायला ज्वारीचा भाव काय, रुपयाची किंमत काय, हे विचारावे लागत नाही. ज्वारी घातली, ज्वारी निघाली. कापडाच्या गिरणीत तसे नाही. तेथे कापूस, कोळसा, मजुरी घालून कापड निघते, तेव्हा भावाशिवाय हिशोब होत नाही. स्राफाचे म्हणणे, की १८१५ च्या सुमारास रिकार्डोच्या मनात नफ्याचा जो विचार होता त्याच्या मुळाशी हा धान्याचाच हिशोब असला पाहिजे. शेतीतला नफा असा ठरला, की इतर धंद्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. विचार मोठा सुंदर आहे. पण उपलब्ध लेखनात रिकार्डोने तो असा उघड कोठेच मांडलेला नाही, हे स्राफा स्वतःच सांगतो. हरवलेल्या कागदात किंवा बोलण्यात तो आला असावा, असा त्याचा तर्क. १९७० नंतर सॅम्युएल हॉलंडर (हे पूर्वीच्या हॉलंडरांहून वेगळे) यांनी या तर्कावर कडाडून हल्ला चढविला. आणि गंमत अशी, की १९६० साली स्राफाचे स्वतःचे छोटेसे पुस्तक निघाले, शे-पाऊणशे पानांचे, ज्याचा विचार तो १९२० नंतरच्या वर्षांपासून करीत होता. त्याच्या शेवटी त्याने सरळ नमूद केले आहे, की माझी स्वतःची उपपत्ती हाती आल्यावरच रिकार्डोचा हा अर्थ मला सुचला.

म्हणजे वीस वर्षे दुसऱ्याचे दप्तर वागवता वागवता त्यातल्या एका कोऱ्या जागी स्वतःचे अक्षर उमटलेच! याला दोष म्हणावे का? म्हणावे. तो पुरावा नसून तर्क आहे, आणि संपादकाच्या अधिकारामुळे त्या तर्काला फाजील वजन येते. एक पिढी तो रिकार्डोचाच समजून शिकली. परंतु त्याने तो मूळ मजकुरात मिसळला नाही. प्रस्तावनेत ठेवला, पुरावा नाही हे तिथेच लिहिले, आणि नऊ वर्षांनी त्याचा उगमही सांगून टाकला. आपल्याकडच्या किती प्रस्तावनांविषयी असे म्हणता येईल?

दुसऱ्याचा विचार ताब्यात घेण्याची याच्या उलट तऱ्हा पाहायची असेल तर लांब जायला नको. ज्या जेम्स मिलची पत्रे त्या पेटीत होती, तो १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत बसून हिंदुस्थानच्या महसुलाचे खलिते तयार करीत असे. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याला मुखोद्गत होता. हलक्यात हलकी जमीन जेमतेम खर्च भरून काढते; चांगल्या जमिनीत त्याहून जे जास्त पिकते तो खंड, आणि तो सरकारने घेतला तर शेतकऱ्याला झळ लागणार नाही, असा त्यावरून निघणारा हिशोब. १८२८ च्या आसपास पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी ही कल्पना घेऊन शेते मोजू लागला. माल्थस ज्या हेलिबरी कॉलेजात शिकवी तेथून आलेला, हुशार, मेहनती. त्याने जमिनीची प्रत लावली, उत्पन्नातून खर्च वजा केला आणि निव्वळ उरेल त्याच्या शेकडा पंचावन्न हा सरकारचा वाटा ठरविला. कागदावर सगळे बिनचूक. पण पिकाचे आकडे हाताखालच्या लोकांनी आणलेले, जमिनीची प्रत लावताना चिरीमिरी चाललेली, आणि भाव उतरलेले. आकारणी लोकांना झेपली नाही. शेते पडीक राहिली, माणसे गावे सोडून गेली. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूर तालुक्यात सगळे पुन्हा करावे लागले, तीस वर्षांची आकारणी बांधून. ही हकीकत अकरा खंडांत असण्याचे कारण नाही. रिकार्डो तेव्हा हयात नव्हता. तरी इंदापूरकडच्या वाचकाने हे खंड उघडले तर त्याने हे मनात ठेवून वाचावे. रिकार्डो स्वतः आपल्या पत्रांत 'असे धरून चालू' हे शब्द किती वेळा वापरतो ते मोजून पाहावे. ते शब्द गाळून त्याचा सिद्धांत कोणी शेतात उतरविला, की काय होते ते आमच्या पणजोबांना ठाऊक होते.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. डॉ. आंबेडकर हे शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या इंग्रजी लेखनाचा व भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र सरकारने १९७९ साली काढला, वसंत मून यांच्या संपादनाखाली. रुपयाच्या प्रश्नावरील आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचे ग्रंथ सहाव्या खंडात आहेत. मून यांच्यामागे हे काम हरी नरके यांनी पुढे नेले. आता तेही नाहीत. या माणसांनी कागद कसे मिळविले, कसे जपले, यावर कोणी तरी सविस्तर लिहायला हवे. ते माझ्या आवाक्यातले नाही.

रिकार्डोचे पहिले चार खंड १९५१ साली निघाले, पुढचे पाच १९५२ साली, चरित्रविषयक दहावा १९५५ साली. विरोधी मताच्या शिकागोकरांनीही, स्टिग्लरसारख्यांनी, तोंडभरून स्तुती केली. सर्वांना वाटले, संपले. पण सूची राहिली होती. ती अकराव्या खंडाच्या रूपाने १९७३ साली आली. स्राफा तेव्हा पंचाहत्तरीला टेकला होता. ही सूची मी मुद्दाम पाहिली. एखाद्या शब्दाचा बोट धरून आपण सगळे आयुष्य फिरून यावे अशी ती आहे. आमच्या मास्तरांच्या पुस्तकाला सूची हवी, असे मी सुचविले तेव्हा समितीतल्या एकाने विचारले, "म्हणजे अजून किती पाने वाढतील?"

चिरंजीवांच्या विनंतीचे सांगायचे राहिले. मास्तरांनी एकेकाळी लिहिले होते, की विहिरीवर इंजिन आणि शेतात ऊस आला म्हणजे आमच्या गावचे दैन्य फिटलेच समजा. तो लेख गावात गाजला. तो वाचून अनेकांनी कर्ज काढले. पुढे वीस वर्षांनी त्यांनी दुसरा लेख लिहिला. त्यात त्यांनी आपल्या वह्यांतले भाव आणि विहिरींची खोली समोरासमोर मांडली होती, आणि पहिल्या लेखात माझी चूक झाली असे स्वच्छ कबूल केले होते. लहान शेतकऱ्याची विहीर आटली. ज्वारी गेली, कडबा गेला, त्याबरोबर गोठा गेला. चिरंजीवांचे म्हणणे, "हा दुसरा लेख नको. बाबा तेव्हा खचले होते. लोक म्हणतील, मास्तरांनीच आम्हाला बुडवले." माणूस वाईट नाही. बापावर त्याची माया आहे. आणि पुस्तकाच्या खर्चातला मोठा वाटा तोच उचलणार आहे, हेही लपवून काय उपयोग?

पहिल्यांदा मी होकार दिला होता. पुण्याहून परत आल्यावर त्यांना पत्र लिहिले, की दोन्ही लेख छापू, तारखांसह, आणि दोन्हींच्या मध्ये माझा एकही शब्द घालणार नाही. फोन केला नाही. फोनवर मी लवकर विरघळतो. पत्र जाऊन पाच आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. छपाईचा आगाऊ हप्ताही आलेला नाही.

गेल्या आठवड्यात मास्तरांच्या पत्नीने निरोप धाडला. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर बिस्किटांचा जुना मोठा डबा निघाला. आत वह्या आहेत, वाळवी लागलेली नाही, तेव्हा येऊन घेऊन जा. सायकलच्या कॅरियरला बांधून तो मी घरी आणला. पहिली वही उघडली. पहिल्या लेखाच्याही चार वर्षे आधीची आहे. अक्षर तेच, पण समासात आमच्या गावातल्या विहिरींची नावे एकाखाली एक लिहिली आहेत आणि प्रत्येकीपुढे हात आणि वीत. मुद्रकाकडे तीन फॉर्म जुळून तयार होते. त्याला सकाळी जाऊन थांबायला सांगितले आहे. तो काय म्हणाला ते सणासुदीच्या अंकात लिहिण्यासारखे नाही.